आरोग्याचा कायदा आणि दाद मागण्याची जागा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस ‘आरोग्य’ या विषयावर बोलण्यास सांगितले. आहार, व्यायाम, ऋतुचर्या यांविषयी चार हिताच्या गोष्टी आम्ही सांगाव्यात, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयाचे अधिकारी वैद्य आणि डॉक्टर आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत. त्यांतील दोघे-तिघे तर समोर पहिल्याच रांगेत बसलेले दिसत आहेत. त्यांच्यादेखत पथ्यापथ्य सांगण्याचे धाडस मॅट्रिक झालेल्या शिक्षकाने न केलेले बरे. आमचे आयुष्य शाळेत गेले. नागरिकशास्त्राचा तास पुष्कळ वर्षे आमच्याकडे असे. त्यामुळे कायदा कसा होतो आणि तो सामान्य माणसाच्या दारापर्यंत कसा येतो, हे पाहण्याची खोड लागली, ती सेवानिवृत्तीनंतरही सुटलेली नाही. सबब आम्ही आरोग्याविषयी न बोलता आरोग्याच्या कायद्याविषयी बोलणार आहोत.

विषय रुक्ष वाटेल. परंतु तो आपल्या संस्थेच्या अगदी उंबरठ्यावरचा आहे. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणारे अर्ज वाचून त्यांवर शेरा लिहिण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. या अर्जांत एक गोष्ट आम्हांस वारंवार आढळते. रोगाचे वर्णन दोन ओळींत आटोपलेले असते आणि रुग्णालयाच्या व्यवहाराची हकीकत दोन पाने चाललेली असते. आधी डिपॉझिट भरा, मग रोग्यास आत घेऊ, असे सांगितले. बिलात ‘इतर’ या एकाच शब्दापुढे चाळीस हजारांचा आकडा घातला. कागदपत्रे मागितली तर ती देता येत नाहीत असे उत्तर मिळाले. आणि एका अर्जात तर, सांगावयास जड वाटते, बाकी भरेपर्यंत पतीचे शव ताब्यात दिले नाही, असे त्या भगिनीने लिहिले होते. रुग्णालयाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. त्या अर्जाच्या शेवटी एक प्रश्न होता. ‘ही तक्रार मी कोणाकडे करावयाची?’ निधीतून आपण रक्कम दिली. प्रश्नाचे उत्तर मात्र संस्थेच्या घटनेत नव्हते. ते देशाच्या कायद्यात असावयास हवे. तेथे ते कितपत आहे, हे पाहू.

आरंभ मागे जाऊन करावा लागेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस या गोमंतकीय गृहस्थांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. रोग झपाट्याने पसरला आणि सरकारने घाईघाईने ‘साथरोग प्रतिबंधक कायदा’ केला. तो ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अमलात आला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. साथ पसरत असेल आणि नेहमीचे कायदे अपुरे पडत असतील, तर सरकारला योग्य वाटतील ते उपाय योजता येतील, हे त्याचे सार. हुकूम मोडील त्यास शिक्षा, हे तिसरे कलम. आणि चौथे कलम असे की, या कायद्यान्वये सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याविरुद्ध कोणासही दावा लावता येणार नाही.

या चौथ्या कलमाकडे आपण नीट पाहावे. पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग कमिटी बसली. गोरे सोजीर घरोघर झडतीस पाठविण्यात आले. माजघर, देवघर, स्वयंपाकघर असा भेद त्यांनी ठेवला नाही. बायकामाणसांना तपासणीसाठी बाहेर काढले, सामानसुमान जाळले, संशयितांना छावण्यांत नेले. साथ खरी होती, माणसे मरत होती आणि रोगी वेगळे काढणे अवश्य होते, हेही तितकेच खरे. याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी आपले चिरंजीव डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोगी वेगळा करणे म्हणजे जुलूमच, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. तेच काम मायेने झाले तर लोक स्वतः रोग्यास घेऊन येतात. बुटाच्या लाथेने झाले तर रोगी माळ्यावर लपवून ठेवतात.

पण ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांनी काय करावे? कायद्याने दाव्याचे दार लावून घेतलेले. नामदार गोखले त्या सुमारास वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास विलायतेस गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोजिरांच्या वर्तनाविषयीचे आरोप तेथील वृत्तपत्रात जाहीर केले. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुष्कळांनी त्यांस भित्रा म्हटले. आमच्या मते तो अन्याय आहे. जेथे साक्षीदाराचे म्हणणे लिहून घेणारा निःपक्षपाती पंच नाही, तेथे पुरावा निर्माण व्हावयाचा कसा? २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट मेले, टिळकांस राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची शिक्षा झाली, तिघे चापेकर बंधू फासावर गेले. या इतिहासावर वर्गात आम्ही अनेकदा बोललो आहोत; परंतु दाव्याच्या बंद दाराशी त्याचा संबंध पाठ्यपुस्तकांत फारसा दाखविलेला आढळत नाही.

आता आश्चर्याची गोष्ट ही की, हा १८९७ चा कायदा स्वराज्यातही टिकला. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने ज्या अधिकारान्वये नियम काढले, तो हाच कायदा. बाहेरदेशांहून आलेल्यांच्या हाताच्या मागील बाजूस शिक्के मारले गेले आणि ते पाहून सहप्रवाशांनी काहींना रेल्वेगाडीतून खाली उतरविले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून व सप्टेंबरात संसदेचा कायदा करून या जुन्या कायद्यात दुरुस्तीही झाली. ती कशाविषयी? तर डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेवक यांच्यावर हल्ला करणाऱ्यास ३ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असल्यास ७ वर्षांपर्यंत कैद. दुरुस्ती योग्यच होती. आरोग्यसेविकेस दगड मारणाऱ्याची आम्हांस कणव नाही. परंतु १२३ वर्षांनी कायदा उघडला आणि रोग्याच्या बाजूने त्यात एक ओळही न घालता पुन्हा मिटला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

येथे घटनेचा थोडा पाठ घेणे प्राप्त आहे. कंटाळा करू नये. आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यसूचीत, सहाव्या क्रमांकावर आहे. म्हणजे त्यावर कायदा करावयाचा तो मुंबईस, दिल्लीस नव्हे. मात्र सांसर्गिक रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे, हा विषय समवर्ती सूचीत, २९ व्या क्रमांकावर आहे. तेथे दोघांनाही अधिकार. ही वाटणी मूळची समंजस आहे. रोगाला निपाणीच्या नाक्यावर परवाना लागत नाही, तेव्हा साथीपुरता केंद्राचा हात असावा. आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात काय हवे हे दिल्लीस कळत नाही, तेव्हा बाकीचे राज्याने पाहावे. अडचण ही झाली की, या वाटणीचा आधार घेऊन दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला. केंद्राने म्हणावे विषय राज्यांचा, राज्यांनी म्हणावे केंद्राचा कायदा येऊ द्या.

केंद्राने प्रयत्न केलेच नाहीत असे नाही. दोन मसुदे झाले. त्या दोहोंची तुलना हाच आमच्या भाषणाचा मुख्य भाग आहे.

पहिला मसुदा ‘राष्ट्रीय आरोग्य विधेयक’ या नावाने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २००९ मध्ये तयार केला. आरोग्य हा नागरिकाचा हक्क आहे असे त्यात स्पष्ट म्हटले होते. केंद्राची कर्तव्ये कोणती, राज्याची कोणती हे लिहिले होते. रोग्याची संमती, त्याच्या माहितीची गुप्तता, भेदभावास बंदी यांची कलमे होती आणि तक्रार ऐकण्यासाठी जनसुनावणीसारखी व्यवस्थाही सुचविली होती. मसुदा संसदेपुढे आलाच नाही. राज्यांच्या अधिकारावर हे अतिक्रमण होय, ही एक हरकत. खर्च कोण करणार, ही दुसरी.

दुसरा मसुदा फेब्रुवारी २०१७ चा. साथी, जैविक शस्त्रांचा हल्ला आणि आपत्ती यांच्या वेळी सार्वजनिक आरोग्य कसे राखावे याविषयीचा, आणि १८९७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेला. त्यात केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक संस्था यांना अधिकार वाटून दिले होते. कोणत्याही जागेत प्रवेश करणे, माणसास अलग ठेवणे, त्याची वैद्यकीय तपासणी करविणे, हुकूम मोडल्यास दंड वा कैद, हे सर्व त्यात आले. रोग्याच्या हक्काविषयी मात्र त्याचे बोलणे फार थोडे. तोही संसदेपुढे गेला नाही.

पाहा, काय चमत्कार आहे! एका मसुद्यात हक्क होते, दुसऱ्यात अधिकार होते. जणू एकाच वस्त्राचे दोन तुकडे दोन शिंप्यांकडे दिले आणि कोणीही अंगरखा शिवून आणला नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हे दोन्ही तुकडे एकाच कायद्यात हवेत. शासनास ज्या पानावर आमच्या घरात शिरण्याचा अधिकार दिला असेल, त्याच्या समोरच्या पानावर, तो अधिकार किती दिवस, कोणाच्या लेखी हुकमाने, आणि तो अन्यायाने वापरला गेला तर दाद कोठे व किती दिवसांत मिळेल, हे लिहिलेले असावे. साथ ओसरल्यावर न्यायालयात जा, असे सांगणे म्हणजे बुडणाऱ्यास पावसाळा संपल्यावर नाव देणे होय.

कोणी म्हणेल, गुरुजी, हे बोलणे सोपे. असा कायदा लिहिता येतो काय? येतो. आपल्याच संसदेने तो २०१७ या एकाच वर्षी दोन वेळा लिहिला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. वेड लागलेल्या माणसास पूर्वी आप्तांनी कोठेही नेऊन कोंडावे आणि त्याने कोणाकडेही पाहू नये, अशी अवस्था होती. या कायद्याने उपचार मिळणे हा हक्क ठरविला. शुद्धीवर असताना ‘मला पुढे असे उपचार द्या, असे देऊ नका’ हे लिहून ठेवण्याची मुभा दिली. आणि मुख्य म्हणजे जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अध्यक्षाखाली पुनरावलोकन मंडळे ठेवून, इच्छेविरुद्ध भरती केलेल्या रोग्यास तेथे अर्ज करण्याची सोय केली. दुसरा कायदा एच.आय.व्ही. आणि एड्स यांविषयीचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून तपासणी नाही, रोग्याचे नाव फोडावयाचे नाही, शाळेतून वा नोकरीतून काढावयाचे नाही आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपाल. ज्या रोग्यांना समाजाने सर्वांत दूर लोटले, त्यांच्याच वाट्यास सर्वांत चांगला कायदा आला. विषमज्वराच्या वा मोडलेल्या हाडाच्या रोग्याने काय पाप केले आहे? मंडळे सर्वत्र वेळेवर बसली नाहीत, ही गोष्ट वेगळी. निदान ती कोठे बसावयाची हे तरी ठरले.

न्यायालयांनी आपल्या परीने वाट मोकळी केली आहे. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अपघातातील जखमीस पोलिसांच्या कागदाची वाट न पाहता प्रथम उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे. बंगालमध्ये एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्यास मार लागलेला असा एकामागून एक सरकारी रुग्णालयांच्या दारी फिरविला गेला. खाट नाही म्हणून कोणी घेतले नाही. १९९६ साली न्यायालयाने हा जीविताच्या हक्काचा, म्हणजे २१ व्या अनुच्छेदाचा, भंग ठरविला आणि त्यास २५,००० रुपये भरपाई देवविली. २ मे २०२२ च्या निर्णयात, कोणाच्याही शरीरात बळजबरीने लस टोचता येणार नाही, मात्र सर्वांच्या हितासाठी शासन वाजवी निर्बंध घालू शकते, असा मध्य काढला. आम्हांस तो मध्य मान्य आहे. आम्ही स्वतः लस वेळेवर घेतली आणि शेजाऱ्यांस घ्यावयास लावली. पण समजावून सांगणे निराळे आणि दंड धरून टोचणे निराळे. असे असले तरी, आपल्या निधीकडे अर्ज करणारी विधवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकत नाही. ग्राहक न्यायालय आहे, १९९५ पासून डॉक्टरांची सेवा त्याच्या कक्षेत आली आहे. परंतु जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात त्या सरकारी दवाखान्यातील रोग्यास ते दार बंद.

राहिला खासगी रुग्णालयांच्या नियमनाचा प्रश्न. २०१० साली संसदेने वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा कायदा केला. तोही चार लहान राज्यांनी ठराव करून मागितला म्हणून, घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदान्वये. इतर राज्यांनी तो स्वीकारावा की नाही हे त्यांच्या इच्छेवर. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृहांचा कायदा चालतो. २०२१ च्या जानेवारीत त्याचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. ही आनंदाची गोष्ट. ते फलक किती ठिकाणी लागले आणि किती ठिकाणी कुंडीमागे लागले, हे आपणच पाहावे.

आणि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्या जुन्या १८९७ च्या कायद्याचा एकदा तरी रोग्याच्या बाजूने उपयोग झाला. २१ मे २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने इतर कायद्यांबरोबर त्याचाही आधार घेऊन खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या विलगीकरणाच्या खाटेस दिवसाचे ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटर असल्यास ९,०००. बिले तपासण्यास हिशेबतपासनीस बसविले आणि पुष्कळांस जादा घेतलेली रक्कम परत मिळाली. मनात आणले तर काय होऊ शकते, हे तेव्हा दिसले. साथ गेली, हुकूम गेला. ‘इतर’ पुन्हा बिलात येऊन बसले.

आमचा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. त्यास हा विषय सांगितला तेव्हा तो म्हणाला, ‘‘गुरुजी, कायद्यात हक्क लिहाल, पण खाट कोठून आणाल? रात्री मी एकटा, आणि बाहेर चाळीस नातेवाईक.’’ त्याचे म्हणणे डावलण्यासारखे नाही. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, त्या राज्यापुरता. आधी पैसे न मागता तातडीचे उपचार द्यावेत असे त्यात होते. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, रुग्णालये बंद पडली. त्या पैशाची भरपाई कोण व केव्हा करणार हा त्यांचा सवाल होता. एप्रिलच्या आरंभी तडजोड झाली. डॉक्टरांचा सवाल आम्हांस रास्त वाटतो. त्यासाठी रोग्याचे दार बंद ठेवण्याची रीत मात्र रास्त वाटत नाही. हक्क देणाऱ्या कायद्यातच त्याच्या खर्चाची तरतूद लिहिली पाहिजे. नाहीतर रोगी आणि डॉक्टर यांना एकमेकांच्या अंगावर सोडून शासन बाजूस उभे राहते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताच्या विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा ठरवून, त्यात मोठी दुरुस्ती करा किंवा नवा सर्वंकष कायदा करा, अशी शिफारस केली आहे. म्हणजे आज ना उद्या तिसरा मसुदा येणार. तो येईल तेव्हा लोकांच्या सूचना मागविल्या जातील. त्यासाठी मुदत फार थोडी असते, महिनाभर फार तर, आणि सूचना पाठविणारे कोण असतात? कंपन्यांचे वकील, मोठ्या रुग्णालयांचे संघ, आणि काही थोड्या सेवाभावी संस्था. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था वधूवर मेळावा आणि गुणवंतांचा सत्कार यांत गुंतलेल्या असतात. ती कामेही हवीत. पण या गावात रुग्णालयाच्या व्यवहाराविषयीचे अर्ज जर कोणाच्या कपाटात असतील तर ते आपल्या कपाटात आहेत.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवल्या आहेत आणि अध्यक्षांनी त्या तत्त्वतः मान्य केल्या आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. बिलाचा तपशील मिळणे, कागदपत्रे मिळणे, दुसऱ्या डॉक्टराचा सल्ला घेता येणे, बाकी राहिली म्हणून रोगी वा शव अडवून न ठेवणे, हे सर्व त्यात आहे. तिची मराठी प्रत संस्थेच्या कार्यालयात, निधीच्या अर्जाच्या नमुन्याला जोडून ठेवावी. दुसरी सूचना अशी की, गेल्या पाच वर्षांतील अर्ज, नावे झाकून, एकत्र वाचावेत आणि त्यांतून रुग्णालयाच्या व्यवहाराविषयीच्या तक्रारींची यादी करावी. मसुदा प्रसिद्ध होईल त्या दिवशी ही यादी तयार असली पाहिजे. या कामास पाच-सहा सुवाच्य अक्षराची माणसे लागतील. निवृत्त कारकून व शिक्षक मंडळींनी नावे द्यावीत. पहिली बैठक पुढील रविवारी सकाळी नऊ वाजता संस्थेच्या वाचनालयात आहे. पहिल्या रांगेतील डॉक्टरांनीही यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. यादी एकतर्फी होऊ नये यासाठी त्यांची फार गरज पडणार आहे.